अप्पांच्या अठ्ठावीस जोड्या

अप्पांचा विषय निघाला की देवगाव फाट्यावर लोक आजही हसतात. "त्यो गेमवाला अप्पा," म्हणतात, आणि हॉटेलात चहा पिणारा एखादा हातात माउस धरल्यासारखं करून दाखवतो. त्याच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटतं. वाजवत नाही. तो हक्क मी चार वर्षांपूर्वी घालवून बसलो आहे.

फाट्यावर माझं खत-बियाणांचं दुकान आहे. त्याला लागून, एका भिंतीपलीकडे, अप्पांचं ऑनलाईन सेंटर होतं. सातबारा, पीक विमा, आधार, पोरांचे प्रवेशाचे अर्ज असं सगळं तिथं व्हायचं. आत दोन कॉम्प्युटर होते. एक कामाचा. दुसरा जुना, पिवळा पडलेला, अप्पांचा स्वतःचा. सकाळी पूजा आटोपून, कपाळावर विभूती लावून ते यायचे आणि चिमूटभर विभूती त्या जुन्या मॉनिटरच्या माथ्यावर ओढायचे. कामाच्या मशीनला कधी लावली नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "ते सरकारी हाय. त्याला कशाला लावू? ते माझं थोडंच हाय."

त्या जुन्या मशीनवर ते एकच गेम खेळायचे. पन्नाशी ओलांडलेला, दोरीला चष्मा अडकवलेला माणूस दहा वर्षं एकच गेम खेळतो, याचं आधी मलाही हसू यायचं. राक्षसांनी भरलेल्या मुलखात एक माणूस सोडायचा आणि मारामारी करत पुढं जायचं, एवढाच तो गेम आहे, असं मी समजत होतो. मारामारीचे आवाज दिवसभर भिंतीतून माझ्या दुकानात यायचे. गिऱ्हाईक अप्पांच्या दारात उभं राहिलं की आतून ओरडणं ऐकू यायचं, "थांब रे, मरायलोय मी!" नवखा माणूस घाबरून आत धावायचा. जुना माणूस बाहेरच्या बाकावर बसून तंबाखू मळायचा.

मारामारीत अप्पांना फारसा रस नव्हताच. त्यांचा जीव होता तो निवडीत. गेम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात विचारतो, तुझा पेशा कोणता? स्क्रीनवर 'क्लास' असा शब्द असायचा, अप्पा त्याला पेशा म्हणत. असे आठ पेशे. त्यांची मूळ इंग्रजी नावं अप्पांनी कधी घेतली नाहीत. त्यांच्या लेखी ते पैलवान, तिरंदाज, हकीम, जादूगार, लोहार, पहारेकरी, चोर आणि मुडदे उठवणारा असे होते. एक घेऊन बरंच पुढं गेलं, बराच मार खाल्ला, की गेम पुन्हा विचारतो, आता दुसरा कोणता? दोन पेशे मिळून तो माणूस पुरा होतो. आणि एकदा निवडलं की निवडलं. बदल हवा असेल तर तो माणूस टाकून द्यायचा आणि पहिल्यापासून चालायला लागायचं.

आठ पेशांच्या अठ्ठावीस जोड्या होतात. अप्पांनी अठ्ठावीसही शेवटापर्यंत खेळलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर एका लांबट वहीत शेरा लिहिला होता. ती वही मी वाचली आहे. 'हकीम आणि पैलवान. मरत नाही, मारतही नाही. सासरवाडीत राहिलेला जावई.' 'चोर आणि तिरंदाज. लांबून नुकसान करतो, समोर आला की गोड बोलतो. भावकी.' 'पैलवान आणि मुडदे उठवणारा. स्वतः राबतो आणि मेलेल्यांनाही राबवतो. आमचे वडील.'

माझ्यावरही त्यांनी शेरा मारला होता, वहीत नाही, तोंडावर. "शेठ, तू पहारेकरी हायस. ढाल लय मोठी हाय तुझी. पण दुसरा पेशा न्हाईच घेतलास तू. गेम इचारत राहिला आन् तू नंतर बघू म्हणत राहिलास."

"दुकान कोण बघणार मग?" मी म्हणालो.

"बघ, ढाल काढलीस."

मला राग आला होता. माझे वडील याच जागी खत विकत होते, मी खत विकतो. यात चूक काय, असं मी त्या दिवशी घरी जाऊन बायकोला दोनदा विचारलं.

अप्पांचं म्हणणं असं, की पहिला पेशा घरचा असतो. घरात जे असतं ते उचलूनच माणूस बाहेर पडतं, त्याला इलाज नाही. दुसरा मात्र ज्याचा त्यानं घ्यायचा, आणि कुणाला न विचारता. एकदा कॉलेजातला एक जण त्यांच्याकडे झेरॉक्सला आला होता. स्क्रीनकडे बघून म्हणाला, "काका, यातली सगळ्यात भारी जोडी कोणती ते मोबाईलवर सांगितलंय की. व्हिडिओ हाय." अप्पांनी त्याची अर्धी झालेली झेरॉक्स मशीनमधून ओढून त्याच्या हातात दिली. "उद्या तुजी बायकोबी व्हिडिओ बघूनच ठरव. नीघ." तो गेला तरी अप्पा अर्धा तास ओरडत होते. भिंतीपलीकडून मला स्पष्ट ऐकू येत होतं. "पेशा निवडायचा तर निस्ता निवडायचा! भारी कोणता, भारी कोणता! भारी काय तराजूत घालून बघायलाय का!"

चिडायचे फार. सगळ्यांवर चिडायचे, आणि त्यांच्या रागाची किंमत त्यामुळेच शून्य झाली होती. पाऊस यावा तसा अप्पांचा आवाज यायचा. लोक मान वर करत नसत.

सर्वांत जास्त चीड कशाची, तर दुसऱ्यासाठी अर्ज भरायला आलेल्याची. त्यांचा नियम होता, ज्याचा अर्ज तो समोर पाहिजे. म्हातारीच्या निराधार योजनेच्या पगाराचा अर्ज भरायला मुलगा आला तर परत पाठवायचे, म्हातारीला घेऊन ये. विम्याच्या अर्जावर कुणी "टाका कोणतंबी पीक," म्हणालं की खुर्चीतून उठायचे, "रान तुजं हाय का माजं? काय पेरलंस ते तोंडानं बोल!" आणि शेवटचं बटण ते स्वतः कधी दाबत नसत. स्क्रीन फिरवायचे, माउस पुढं सरकवायचे आणि म्हणायचे, "दाब." ज्यांनी आयुष्यात माउस धरला नव्हता त्यांची बोटं धरून दाबून घ्यायचे. बाकीची सेंटरं पाच मिनिटांत मोकळं करत, अप्पांकडे अर्धा तास जायचा. लोक कुरकुर करत. मीही करायचो.

माझी लेक शाळा सुटल्यावर माझ्या दुकानात यायची. नादुरुस्त म्हणून परत आलेले फवारणीचे पंप घेऊन बसायची, वॉशर काढायची, नोझल साफ करायची आणि दहातले सात चालू करून द्यायची. गेमच्या आवाजामुळे ती भिंतीपलीकडे गेली आणि मग तिथंच जायला लागली. अप्पांनी तिला जुन्या मशीनवर बसू दिलं. हा मान फाट्यावर दुसऱ्या कुणालाही मिळाला नव्हता.

तिनं पहिला पेशा लगेच घेतला, लोहार. दुसऱ्यावर अडली. "अप्पा, यातला कोणता चांगला?"

"मला इचारलंस तर खुर्ची खाली करायची."

तीन दिवस तिनं गेम तिथंच थांबवून ठेवला. चौथ्या दिवशी हकीम घेतला. अप्पांच्या वहीत लोहार आणि हकीम या जोडीपुढं 'निकामी' एवढा एकच शब्द होता. लोहार सापळे आणि यंत्रं बनवतो, हकीम माणसं बरी करतो, दोघांचं एकमेकांशी काही जमत नाही, असं त्यांचं मत होतं. हे ते तिला आधी बोलले नाहीत, हे विशेष. महिन्याभरानं तिच्या लोहारानं उभी केलेली यंत्रं मोडली की हकीम ती पुन्हा उभी करत होता आणि लेक न थांबता पुढं चालली होती. अप्पा दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वहीतला तो शब्द खोडला आणि तिला म्हणाले, "दहा वर्सं चुकीचं लिवून ठेवलं म्या. तू लिही आता." तिनं लिहिलं, 'मोडलेलं टाकून देत नाही.'

दहावीनंतर तिला यंत्र अभियांत्रिकीचा डिप्लोमा करायचा होता, लांबच्या शहरातल्या सरकारी तंत्रनिकेतनात. गुण भरपूर होते. प्रवेशाच्या अर्जात कॉलेज आणि शाखा पसंतीनं लिहायच्या असतात आणि पहिल्या नंबरचं मिळालं की ते घ्यावंच लागतं, पुढच्या फेरीत बसता येत नाही. तिनं अप्पांसमोर बसून यादी भरली. पहिलं ते यंत्राचं. दुसरं माझ्या आग्रहाखातर, जवळच्या खासगी कॉलेजातलं कॉम्प्युटर, जिथून संध्याकाळी घरी येता येतं. शेवटचं बटण दुसऱ्या दिवशी दाबायचं ठरलं, कारण ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार होता आणि मी वालूरला माल घेऊन गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच, लेक झोपेत असताना, एकटा अप्पांकडे गेलो. त्यांनी नुकतंच शटर उघडलं होतं.

"अप्पा, एक आन् दोन नंबर अदलाबदल करा."

"पोरगी कुटं हाय?"

"घरी हाय. मी बाप हाय तिचा."

"ज्याचा अर्ज तो समोर. घेऊन ये."

"लांब हाय हो ते. पोरीची जात. हॉस्टेल, रस्ते, कोण बघणार? मेव्हणा म्हणायलाय, पोरीला लोखंड घासायला लावता का."

"मेव्हण्याचा अर्ज हाय का?" त्यांचा आवाज चढला. "शेठ, तिनं निवडलंय. चार दिवस इचार करून निवडलंय. तू मोबाईल हातात हाय म्हणून मालक झालास का तिचा?"

मी घरी गेलो, तिनं पासवर्ड लिहिलेला कागद उचलला आणि सेलूला गेलो. तिथल्या सेंटरवाल्यानं मान वर करूनही बघितलं नाही. "ओटीपी सांगा," म्हणाला. सांगितला. दोन मिनिटं लागली. पावती खिशात घातली आणि घरी येऊन लेकीला सांगितलं, की अप्पांकडून सगळं पक्कं करून आणलं, यादी तुझीच म्हणून या वेळी त्यांनी नियम सोडला.

हे वाक्य मी इतक्या सहज कसं बोललो, ते मला अजून कळत नाही.

यादी लागली. जवळचं कॉलेज, कॉम्प्युटर. ते पहिल्या नंबरला असल्यानं घेणं भाग होतं. तिच्याहून कमी गुण असलेल्या मुलीला ती यंत्राची जागा मिळाली, हेही त्याच यादीत दिसत होतं. लेकीनं मोबाईलवर ती यादी दोनदा वरपासून खालपर्यंत बघितली. मग म्हणाली, "बाबा, हे कसं झालं?"

तेव्हा खरं बोलता आलं असतं. मी म्हणालो, "अप्पानंच उलटं टाकलं असंल. त्या गेमच्या नादात ध्यान कुटं असतंय त्याचं."

ती माझ्यापुढं चालत फाट्यावर गेली. मी मागून. अप्पांच्या दारात उभी राहून ती रडत, ओरडत विचारायला लागली, तुम्ही असं का केलं? हॉटेलातली माणसं उठून आली. अप्पांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि त्यांना सगळं कळलं. ते गप्प बसतील, असं मला वाटत होतं. ते गप्प बसले नाहीत. फाटा हादरेल इतक्या आवाजात ते खरं बोलले.

"म्या बटण दाबलंच न्हाई! ह्यो आला व्हता सकाळी, बदल म्हणून. म्या न्हाई म्हणलो. ह्यानं दुसरीकडं जाऊन केलंय! पावतीवर सेंटरचा नंबर असतोय, टाईम असतोय. पावती आणा म्हणावं!"

सगळे माझ्याकडे वळले. पावती माझ्या शर्टाच्या वरच्या खिशात होती.

"पावती त्यांच्याकडंच हाय," मी हळू आवाजात म्हणालो. "मला कुटं दिली?"

अप्पा रोज ओरडणारे आणि मी कधीच आवाज न चढवणारा. लोकांना विचार करायची गरजच पडली नाही. कुणीतरी म्हणालं, "चुकलं तर चुकलं म्हणावं, बापावर काय ढकलायलाव!" दुसरा म्हणाला, "माजाबी विमा असाच गेला असंल मग." तिसऱ्याला आपला जातीचा दाखला आठवला. जो तो आपलं रखडलेलं काम घेऊन पुढं आला. कामं कोणत्या कोणत्या कचेऱ्यांत अडकली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण तिथल्या साहेबांवर ओरडायची कुणाची छाती नव्हती. अप्पा हाताशी होते. कुणीतरी आत जाऊन जुन्या मशीनची वायर ओढली आणि स्क्रीन काळी झाली, तेव्हा लोक हसले.

आठ दिवसांत तालुक्याला तक्रार गेली. त्यावर पहिली सही माझी आहे. लेकीचं नुकसान झालेला बाप मीच, म्हणून कागद आधी माझ्यापुढं धरला. मी सही केली. चौकशी करायला कुणी आलं नाही, ज्यावर सेंटर चालायचं तो अप्पांचा सरकारी आयडी तेवढा बंद झाला. त्यांनी दुकान खाली केलं, जुनी मशीन छोट्या टेम्पोत गोधडीत गुंडाळून ठेवली आणि बोरीला बहिणीकडे गेले. जाताना माझ्या दुकानाकडे बघितलंही नाही. त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटलं होतं, तेही इथं लिहून टाकतो.

लेक शिकली. आता पुण्यात एका कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरसमोर असते, बरं चाललं आहे. घरी आली की हसते, बोलते. दुकानातल्या पंपांना मात्र हात लावत नाही. यंदा सुट्टीला आली होती तेव्हा भाकरी खाता खाता सहज म्हणाली, "बाबा, मी अप्पांना माफ करून टाकलं. म्हातारा माणूस. एखादी चूक होते."

मी हातातली भाकरी ताटात ठेवली. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

पुढच्याच आठवड्यात मी बोरीला गेलो. अप्पा बहिणीच्या पुढच्या खोलीत बसले होते. मशीन चालू होती, वर विभूती होती. केस सगळे पांढरे झाले होते. बस म्हणाले नाहीत, मीच दाराशी टेकलो. गेमही थांबवला नाही.

"कशाला आलास?"

"माफी मागायला. मी..." मी पहिल्यापासून सांगायला लागलो. सेलू, ओटीपी.

"मला काय सांगायलास?" ते कडाडले. बहीण आतून डोकावून गेली. "मला म्हायती न्हाई का? म्या तितंच व्हतो की! ज्यांना म्हायती न्हाई त्यांना सांग. आन् उठ, माजी येळ खराब करू नको."

मी उठलो. चहाही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेलात माणसं होती त्या वेळेला गेलो आणि मध्ये उभं राहून सांगितलं. अदलाबदल मी केली, अप्पांनी नाही. पावती माझ्या खिशात होती. सगळं. मला वाटत होतं कुणी शिवी देईल, कुणी गचांडी धरेल. कपबशांचा आवाज थांबला नाही. ज्यानं वायर ओढली होती तो म्हणाला, "जाऊ द्या शेठ, झालं त्याला लय दिवस. पोरगी लागली की नोकरीला." दुसऱ्यानं मान हलवली. "आता नवं सेंटर चांगलं हाय. लगेच काम करतंय."

"अरे, त्यांचं काही चुकलं नव्हतं! आपण खोटी तक्रार केली त्यांच्यावर!"

"असंल," तो म्हणाला. "पण खेळत तर व्हताच की."

आणि तेवढ्यावर सगळ्यांचं समाधान झालं. इतका संताप मला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि तो काढायला मीच सर्वांत जवळ होतो. हे वाक्य त्यांच्या तोंडात मीच घातलं होतं. गेमच्या नादात, असं पहिल्यांदा मीच म्हणालो होतो.

हॉटेलाबाहेर येऊन तिथंच, रस्त्याच्या कडेला उभं राहून मी लेकीला फोन लावला. ती ऑफिसात होती. म्हणाली, संध्याकाळी बोलू का? मी म्हणालो, नाही. आणि सांगितलं. सकाळी तिला झोपेत सोडून गेलो तिथपासून ते सहीपर्यंत.  रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर मला तेवढा तरी आधार झाला असता. सगळं सांगून झाल्यावर तिनं विचारलं, "तेव्हा मी त्यांच्या दारात ओरडत होते आणि पावती तुमच्या खिशात होती?"

"हो."

"अप्पांचा नंबर द्या."

दिला. तिनं फोन ठेवला.

दुकानात येऊन बसलो. तिचा फोन अचानक गेला तर अप्पा भडकतील, तिला काहीबाही बोलतील, अशी मला भीती वाटली. त्यांना आधी कल्पना द्यावी, तिचा काही दोष नाही म्हणावं, म्हणून मी अप्पांना फोन लावला. ते दुसऱ्या कॉलवर होते. गिऱ्हाईकाला बियाण्याची पिशवी दिली, पुन्हा लावला. तेच. अर्धा तास गेला, पाऊण तास गेला, मी लावत राहिलो.

शेवटी एकदा त्यांनी उचलला. पलीकडून त्यांचा श्वास ऐकू आला. आवाज चढलेला नव्हता.

"आमी बोलायलोत," अप्पा म्हणाले. "तू मदी येऊ नको."